स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे कशाचे? थोडी पार्श्वभूमी

लातूरच्या मोंढ्यात मामाचं आडत दुकान आहे, तिथं परवा कॅमेरे बसवले. दुकानातल्या टीव्हीवर सगळं झकास दिसायलंय पण घरून मोबाईलवर काही येईना, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्याकडं वळवायची सेटिंग) करून बघितलं तरी येईना. नेटवाला पोरगा म्हणला, "मामा, स्टॅटिक आयपी घ्या, त्याचे पैसे वेगळे." आयपी म्हणजे नेटवरचा पत्ता, आणि स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. मामा म्हणले, "अरे नेटचे भरलेत की, आता पत्त्याचे कशाचे?"

प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर १९८१ पासून सुरू होतं. तेव्हा आयपीव्ही४ ही पत्ते द्यायची पद्धत ठरली, पत्ता ३२ बिटचा, म्हणजे सगळ्या जगाला मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते. तेव्हा ते लईच वाटले, म्हणून अमेरिकेतल्या काही कंपन्या-विद्यापीठांना एकेकाला पावणेदोन कोटीच्या आसपास पत्ते एकगठ्ठा देऊन टाकले.

बदलता आयपी आला तो डायल-अपमुळं. आपल्याकडं १५ ऑगस्ट १९९५ ला तेव्हाच्या सरकारी व्हीएसएनएल कंपनीनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा फोन लावून नेट जोडायचं. ग्राहक हजार असले तरी एकावेळी लाइनवर थोडेच, मग प्रत्येकाला कायमचा पत्ता कशाला? फोन लागला की साठ्यातला एक द्यायचा, ठेवला की परत घ्यायचा. १९९३ ला डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटायची पद्धत आली, त्यातही हेच, पत्ता ठराविक मुदतीच्या लीजवर. पुढं ब्रॉडबँड आलं, मोडेम चोवीस तास चालू राहायला लागला, तरी पद्धत तीच राहिली आणि कायमचा पत्ता हा धंदेवाल्यांसाठी वेगळा विकायचा माल झाला.

खरी अडचण २०११ ची. ३ फेब्रुवारीला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटले गेले, आणि १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचा साठा शेवटच्या गठ्ठ्यावर आला, त्यातून तेव्हा एका कंपनीला जास्तीत जास्त १०२४ पत्ते मिळायचे. आता जे केबलवाले त्यानंतर नेटच्या धंद्यात उतरले त्यांनी एवढ्यात हजारो घरं कशी भागवायची? मग सीजीनॅट, म्हणजे कंपनीनं एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत मिळून वापरायचा: वाडा एक, बिऱ्हाडं पन्नास आणि दारावर पत्ता एकच. २०१२ मध्ये त्यासाठी, कंपनीच्या आतल्या आत वापरायला, १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवले.

मामाच्या राउटरच्या वॅन पानावर (कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता तिथं दिसतो) मी बघितलं तर १००.८१ ने सुरू होणारा आकडा, आणि मोबाईल त्याच वायफायवर ठेवून माझा आयपी कोणता म्हणून शोधलं तर भलताच. तिथंच कळलं की पोर्ट फॉरवर्ड का चालेना, आपण आपल्या खोलीचं दार उघडलं, पण वाड्याचं मोठं दार कंपनीच्या हातात. नुसता पत्ता बदलत असता तर डीडीएनएसवर (बदलता पत्ता एका ठरलेल्या नावाला जोडून ठेवणारी सेवा) भागलं असतं, इथं तेही जमत नाही.

आयपीव्ही४ नंतरच्या आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटचा, त्यात टंचाई नाहीच, मामाच्या जिओच्या सिमवर तो आधीपासून चालू आहे. पण डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) सेटिंगमध्ये आयपीव्ही६ चा ऑप्शनच नव्हता, म्हणून शेवटी स्टॅटिकचेच पैसे भरले.