मावशीची गोळी आणि कलम ३(डी)

मावशीला सीएमएल आहे, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. रोज जेवण झालं की भांडंभर पाण्यासोबत इमॅटिनिबची एक गोळी, आणि त्या गोळ्या नौपाड्यातल्या मेडिकलमधून आणायचं काम माझं. परवा बिल बघून म्हणाली, "कॅन्सरचं औषध एवढं स्वस्त कसं रे? नकली नाही ना?" नकली नाहीये, पण त्यामागे लय जुनी भानगड आहे.

इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यात औषधावरच पेटंट मिळायचं, त्यामुळे कंपनी सांगेल तो भाव. न्यायमूर्ती अय्यंगारांनी १९५९ ला रिपोर्ट दिला, त्यावरून १९७० चा कायदा आला, लागू झाला १९७२ ला. त्यात औषधाला पेटंट नाही, फक्त बनवायच्या पद्धतीला. म्हणजे कसं, तुमचं पेटंट उकडीच्या मोदकावर असेल तर मी तळणीचे करून विकणार, बोंबला. आपला जेनेरिकचा, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीने स्वस्तात बनवून विकायचा धंदा त्यावरच उभा राहिला, आणि त्याचा फायदा फक्त आपल्याला नाही झाला. एड्सच्या औषधांना वर्षाला १० हजार डॉलरच्या वर पडायचे तेव्हा २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीदनी तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला, आफ्रिकेसाठी.

पण डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेलो होतो, सही केलेली, म्हणून २००५ पासून औषधावरचं पेटंट परत आलं. तेव्हा संसदेने एक पाचर मारून ठेवली, कलम ३(डी): जुन्याच औषधाचं रूप बदललं आणि गुण वाढला नाही तर नवीन पेटंट नाही. नोव्हार्टिस इमॅटिनिबच्या नव्या क्रिस्टलवर पेटंट मागत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १ एप्रिल २०१३ ला हरली. तिचं ग्लिव्हेक, म्हणजे तिच्या ब्रँडचं इमॅटिनिब, तेव्हा महिन्याला १ लाख २० हजारच्या आसपास होतं, जेनेरिक ८-१० हजारात. मावशीची गोळी ती हीच, जेनेरिक.

दुसरं हत्यार म्हणजे सक्तीचं लायसन्स, पेटंटवाल्या कंपनीची परवानगी नसतानाही दुसऱ्याला ते औषध बनवू द्यायचं. ते २०१२ ला एकदाच काढलं, बायरच्या नेक्साव्हर या कॅन्सरच्या औषधावर, महिन्याला २ लाख ८० हजारचं औषध ८,८०० ला आलं, आणि मग सरकारने ते जे म्यान केलं ते केलंच. ३(डी) मात्र अजून चालतंय. टीबीच्या बेडाक्विलिनवर कंपनीला पेटंट २०२७ पर्यंत लांबवायचं होतं, त्याला आडव्या आल्या मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि साउथ आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनाही टीबी होऊन गेलेला, जुन्या औषधांनी दोघींचं ऐकू येणं गेलेलं. मार्च २०२३ ला पेटंट ऑफिसने कंपनीचा अर्ज फेटाळला.