टेन्शनची थरथर आणि दारू उतरल्याची थरथर

‘टेन्शनमुळे हात थरथरतात’ हे वाक्य कोविडच्या काळात हॉस्पिटलच्या स्टाफकडून इतक्यांदा ऐकलं, की आता कुणीही तसं म्हटलं की मी आधी विचारते, ‘शेवटची कधी घेतलीस?’

ड्युटीचा ताण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पीपीई किटमधले ते तास, घरी म्हातारे आईवडील. त्यात 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. घरावरचे पत्रे उडालेली माणसंही ड्युटीवर आली. तंबाखू-मिश्रीचंही बाजूला ठेवते. ती सोडताना चिडचिड होते, जिवावर बेतत नाही.

दारूचं तसं नाही. घाम, धडधड, उडालेली झोप, हातांना कंप हे ताणातही होतं आणि रोजची दारू अचानक थांबली तरी होतं. वर एक पेग घेतला की कंप थांबतो, म्हणून माणूस म्हणतो, ‘बघ, टेन्शनच होतं.’ या समजुतीची मला चीड येते. दारू रोज मेंदूला मंदावते, म्हणून मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवायला शिकतो. दारू थांबली की ती उत्तेजना तेवढी उरते. पेगनं टेन्शन नाही, दारूचीच ओढ शमते.

म्हणून घड्याळ बघा. ताण नाइट ड्युटीच्या आधी चढतो, सुट्टीत झोपून, कुणाशी बोलून उतरतो. दुसरी थरथर शेवटच्या पेगपासून मोजायची. साधारण सहा तासांनंतर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम. सुट्टीनं ती कमी होत नाही. रोज भरपूर घेणाऱ्यानं म्हणूनच शपथ घेऊन घरच्या घरी एकदम बंद करू नये. डॉक्टरला खरा आकडा सांगावा. बोलायला संकोच वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे.

आमचा एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, पर्यटकांविना रिकाम्या पडलेल्या लॉजवर क्वारंटाइन होता. तिसऱ्या दिवशी तो चादरीवरचे मुंगळे झटकत बसला होता. चादर स्वच्छ होती. अंगात ताप, म्हणून आम्ही सगळे ऑक्सिमीटरकडे बघत होतो. कुणी म्हणालं, कोविडच्या भीतीनं डोकं फिरलंय. संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. ती म्हणाली, ‘ताई, रोज दोन क्वार्टर लागतात त्यांना. तिथं मिळतात का?’ दारू उतरतानाचा त्रास आवरणारं लोराझेपाम आणि थायमिन हे जीवनसत्त्व त्यानंतर सुरू झालं.