ठोसा कुणी पाहिला?

वेताळ या सुपरहिरोच्या कॉमिकचं एक पान. पहिल्या चौकटीत त्याची मूठ मागे ओढलेली आहे. शेजारच्या चौकटीत समुद्री चाचा जमिनीवर आडवा, टोपी लांब उडालेली, हनुवटीवर वेताळाच्या अंगठीतल्या कवटीची खूण. दोन्हींच्या मधे अरुंद पांढरी पट्टी. ठोसा कुठेच काढलेला नाही. तरी हे पान वाचलेल्या कुणालाही विचारा, ठोसा त्यानं पाहिलेला असतो.

वाचनाचा कंटाळा करणाऱ्या मुलांना दाखवायचं आमिष म्हणजे कॉमिक, असं शिक्षकांच्या खोलीतसुद्धा सर्रास बोललं जातं. सातारा जिल्ह्यातल्या शाळांत वाचनाच्या तासाला मी सुपरहिरोंचे जुने अंक घेऊन बसतो, तेव्हा माझा डोळा त्या पांढऱ्या पट्टीवर असतो. वाचून समजणं म्हणजे काय, हे शिकवायला तिच्याइतकी सोयीची जागा मला दुसरी सापडलेली नाही.

कुठलाच मजकूर सगळं सांगत नाही. ‘आभाळ फाटलं. बंडूची छत्री शाळेतच राहिली होती.’ बंडू भिजला असं यात कुठेही लिहिलेलं नाही, पण आपल्याला ते कळतं. १९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे दोन्हींपैकी एक बाजू शून्य झाली की उत्तरही शून्य. आपल्याकडे पहिल्या बाजूवर शिक्षक जीव तोडून मेहनत घेतात. मग मूल धडा खडाखडा वाचतं आणि खालच्या ‘असे का झाले असेल?’ या प्रश्नापाशी गप्प होतं, कारण त्याचं उत्तर धड्यात छापलेलं नसतं.

न छापलेलं भरून काढायची ही सवय मेंदूत किती खोल आहे, याचा एक सुरेख प्रयोग शेरॉन हॅनिगन आणि मार्क राइनिट्झ यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना रोजच्या प्रसंगांची चित्रं ओळीनं दाखवली. एका चित्रात दुकानाच्या फरशीवर संत्री विखुरलेली होती. नंतर ‘यांतली कोणती चित्रं पाहिलीत?’ असं विचारल्यावर, ढिगातलं खालचं संत्रं ओढणाऱ्या बाईचं चित्र पाहिल्याचं अनेकांनी सांगितलं. ते चित्र दाखवलंच नव्हतं. परिणाम दिसला की मेंदू कारण तयार करतो आणि आठवणीत नेऊन ठेवतो. वेताळाचा ठोसा असाच आपण पाहिलेला असतो.

हे मेंदूत घडताना मोजताही येतं. ‘आईनं गरम भाकरीवर मोजे वाढले’ असं वाक्य ऐकलं, की ‘मोजे’ या शब्दानंतर साधारण ४०० मिलिसेकंदांनी डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवर एक ठळक ऋण विद्युत लहर उमटते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ती १९८० मध्ये दाखवून दिली. अर्थ जुळवायला जितके कष्ट, तितकी ही लहर मोठी. नील कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हीच लहर शब्दाविना चित्रपट्ट्यांवर तपासली. नीट लावलेल्या गोष्टीत ती सर्वांत लहान होती. विषय एकच पण चौकटींना गोष्टीचा क्रम नाही, तिथे ती वाढली. आणि वाटेल तशा चौकटी एकापुढे एक ठेवल्यावर आणखी वाढली. चौकटींच्या ओळीतून अर्थ लावताना मेंदू वाक्य वाचतानासारखीच यंत्रणा वापरतो, असा याचा अर्थ होतो. माझ्या मते ‘ते नुसती चित्रं बघतात, वाचत नाहीत’ हा आक्षेप इथेच लंगडा पडतो.

कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीच्या वर्गात ते मुठीचं पान प्रोजेक्टरवर लावलं होतं. ‘वेताळानं त्याला मारलं, हे कशावरून?’ असं विचारल्याबरोबर मागून आवाज आला, “सर, फाडकन हाणलीय की त्यानं!” चित्रात दाखव म्हटल्यावर मुलगा पडद्यापाशी आला, बोट मुठीवरून चाच्यावर गेलं, पुन्हा मागे आलं आणि मधल्या पांढऱ्या पट्टीवर थांबलं. “हितं नाय काढलं. पण हाणल्याबिगर पडंल व्हय त्यो?” मग पुढच्या बाकावरच्या मुलीनं हनुवटीवरची कवटी दाखवली. म्हणजे ठोसा अंगठी घातलेल्या हाताचा आणि नेमका हनुवटीवर. दुसऱ्यानं उडालेल्या टोपीच्या दिशेवरून ठोसा कुठल्या बाजूनं आला ते सांगितलं. पुरावा दाखवून अनुमान मांडणं, ते दुसऱ्यानं तपासणं, हे सगळं एका पट्टीवर घडत होतं. एरवी प्रकट वाचनाला उभं राहायला घाबरणारी मुलंही त्यात होती.

त्या घाबरण्याला आपल्या लिपीचाही हातभार आहे. मराठी मुलाला मुळाक्षरांबरोबर बाराखडी आणि जोडाक्षरं पेलायची असतात. शिवाय ‘फितूर’मधली पहिली वेलांटी ‘फ’च्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. अशा शब्दांच्या वाचनाला देवनागरीत जास्त वेळ लागतो, हे ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवरच्या २००२ मधल्या अभ्यासात दाखवलं. कच्चा वाचक एका जोडाक्षराशी झटत असतो तोवर वाक्याची सुरुवात डोक्यातून निसटते. कॉमिकच्या पानावर गोष्टीचा धागा चित्रानं धरून ठेवलेला असतो. शिवाय संवादाच्या फुग्यात वाक्य एक किंवा दोनच. अडखळून परत आलेलं मूल गोष्टीत त्याच जागी परत येतं.

शब्दांचंही तसंच. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजी मजकुरातले दुर्मीळ शब्द मोजले, म्हणजे सर्वाधिक वापरातल्या १०,००० शब्दांबाहेरचे. पदवीधर माणसांच्या बोलण्यात ते हजारी १७.३ निघाले, मुलांच्या पुस्तकांत ३०.९, आणि कॉमिक्समध्ये ५३.५! प्रौढांच्या पुस्तकांपेक्षा (५२.७) किंचित जास्तच. त्याच्याही आधी, १९४१ मध्ये, रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी सुपरमॅन-बॅटमॅनचे अंक शब्दशः मोजले होते. एका अंकात साधारण १०,००० शब्द भरले. त्याच सुमारास सुपरमॅनवर बेतलेली भाषेची स्वाध्यायपुस्तिका अमेरिकी शाळांमध्ये वापरली जात होती, म्हणजे वर्गात सुपरहिरो ही कल्पना सुपरहिरोंइतकीच जुनी. आमच्या वर्गात ‘टेहळणी’ हा शब्द फळ्यावर अर्थ न लिहिताच कळला, कारण चौकटीत झाडावर दुर्बीण लावून बसलेला माणूस होता.

मग एवढा बदलौकिक कुठून आला? फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञानं १९५४ मध्ये कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात असा दावा करणारं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. वर्थम यांची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरल टिली यांनी ती तपासली. मुलांच्या मुलाखती फिरवलेल्या, एकत्र केलेल्या आढळल्या. टिली यांचा लेख २०१२ चा; तोवर दोन पिढ्यांच्या पालकांची खात्री होऊन गेली होती.

चित्रांतून गोष्ट सांगणं सातारकरांना नवं नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी रंगवलेलं रामायण १९१६ मध्ये छापलं गेलं. मला कुणी विचारतं, मग रामायणाची किंवा शिवचरित्राची चित्रकथाच का घेत नाही? जरूर घ्यावी. पण ती गोष्ट मुलांना आधीच पाठ असते, मधली पट्टी ती आठवणीनं भरतात. ली फॉक यांचा वेताळ अमेरिकी वृत्तपत्रांत १९३६ मध्ये आला आणि इंद्रजाल कॉमिक्समधून १९६४ पासून आपल्याकडे. आजीच्या वेळी घरोघरी असला, तरी आजच्या पाचवीला तो अनोळखी आहे. पुढच्या चौकटीत काय होणार, हे पानावरच्या पुराव्यावरूनच काढावं लागतं. मला हवा तो सराव इथेच मिळतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. चित्रावरून गोष्ट कळते म्हटल्यावर काही मुलं फुगे वाचतच नाहीत. म्हणून एका पानावरची चित्रं कागदानं झाकायची आणि फुगे उघडे ठेवायचे. पुढच्या पानावर उलट करायचं. चौकटी कुठून कुठे वाचायच्या, वरचा डावा फुगा आधी का, हेही सुरुवातीला शिकवावं लागतं; ते उपजत येत नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. गोरा नायक आणि त्याला अमर समजणारे जंगलातले लोक, ही वेताळाच्या जुन्या गोष्टींतली मांडणी मुलांपुढे मुकाट ठेवणं मला पटत नाही. अशा पानावर आम्ही फुगे मोजतो. कुणाला किती, आणि कुणाच्या वाट्याला एकही नाही. आकडे फळ्यावर आले की पुढची चर्चा मुलंच सुरू करतात.

चौथ्या-पाचव्या तासाला पांढऱ्या पट्टीतली चौकट वाक्यांत लिहायला सांगतो, चित्र न काढता. त्यानंतर अंक मिटून बालभारतीचा धडा उघडायचा आणि तीच पट्टी दोन परिच्छेदांमध्ये शोधायची: इथे लेखकानं काय सांगायचं सोडलं, आणि ते तुम्हाला कशावरून कळलं? इथे मदतीला चित्र नसतं, त्यामुळे पहिले काही दिवस वर्ग चाचपडतो. पण शिष्यवृत्तीच्या उताऱ्यात मुलं जिथे अडतात ती जागा नेमकी हीच आहे, म्हणून या टप्प्याला मी सर्वांत जास्त तास देतो.