लीश बोर्डाला बांधताना आधी छोटी दोरी बघा

लीश म्हणजे सर्फबोर्ड तुमच्या पायाला बांधून ठेवणारी लवचिक कॉर्ड. ‘लीशने बोर्डाची कड कापली’ ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते. पावसाळ्यात राजोडीच्या किनाऱ्यावर लाटा मोठ्या झाल्या की तर हमखास. बोर्ड हातात घेऊन शेपटीकडे बघितलं की कारण लगेच दिसतं: कडेवर सुरीने चिरल्यासारखी बोटभर खाच, आणि तीही बरोबर प्लगच्या, म्हणजे लीश अडकवायच्या खोबणीच्या, समोर. ती खाच लीशने पडलेली नसते. प्लग आणि लीश यांना जोडणारी जी बारीक काळी दोरी असते, ती लांब राहिलेली असते. लीश घेताना लांबी, जाडी, रंग सगळं विचारलं जातं. या दोरीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्रक.

दोरी किती ठेवायची

तुम्ही पडता, लाट बोर्ड ओढून नेते आणि लीश ताणली जाते. हा सगळा ताण बोर्डाच्या कडेवरून वळतो. वळणाच्या त्या जागी काहीतरी रुंद हवं, म्हणूनच लीशच्या बोर्डाकडच्या टोकाला इंचभर रुंद पट्टी शिवलेली असते. तिला रेल सेव्हर म्हणतात. दोरी लांब राहिली की पट्टी कडेच्या बाहेर जाते आणि कडेवर 4 मिलिमीटरची दोरी येते. मग तारेने साबणाची वडी कापावी तसं फायबरग्लास कापलं जातं. चीर लहान दिसते, पण तिथून पाणी फोममध्ये शिरतं. ईपीएस (थर्मोकोलच्या जातीच्या) फोमचा बोर्ड असेल तर तो पाणी पटकन शोषतो, जड होतो आणि वाळायला कित्येक दिवस घेतो. शिकाऊ लोकांचे सॉफ्ट टॉप, म्हणजे वरून मऊ फोमचे, बोर्डही यातून सुटत नाहीत. त्यांचा फोम फाटत जातो, आणि तो नीट सांधणं फायबरपेक्षा अवघड.

माप असं घ्या. प्लगमधल्या स्टीलच्या पिनेपासून सगळ्यात जवळच्या कडेपर्यंत मोजपट्टी लावा. माशाच्या शेपटीसारखा मधे खाच असलेला बोर्ड असेल, तर ती मधली खाचच सगळ्यात जवळची कड असते. इथे फार जण चुकतात. जे अंतर येईल त्यापेक्षा बांधलेली दोरी किमान एक सेंटीमीटर कमी भरली पाहिजे. बहुतेक बोर्डांना तीन-चार सेंटीमीटर पुरते.

आता बांधणं. दोरी दुहेरी करून दोन्ही टोकं एकत्र गाठीत घट्ट बांधा. बिनगाठीचं टोक, म्हणजे फास, पिनेखालून ओवा. पिनेखालून ओवताना दोरी अडकत असेल तर कागदाची क्लिप सरळ करून तिने ओढून घ्या, दाभण वापरू नका. मग गाठीचं टोक त्या फासातून काढून खेचा. दोरी पिनेला आवळून बसते. उरलेल्या वेढ्यातून रेल सेव्हरची वेल्क्रो पट्टी काढा आणि पूर्ण लांबीने दाबून बंद करा. अर्धवट चिकटलेली वेल्क्रो पाण्यात सुटते.

बांधून झाल्यावर लीश शेपटीवरून सरळ मागे ताणून बघा, मग डावीकडे, मग उजवीकडे. तिन्ही वेळा कडेवर पट्टीच आली पाहिजे. एकदा जरी दोरी कडेला टेकली, तर सोडून परत बांधा. ही तपासणी एका मिनिटाची आहे.

दोरी हरवली म्हणून तंगूस, बुटाची नाडी किंवा केबल टाय लावलेले बोर्डही आमच्याकडे येतात. तंगूस बारीक, म्हणून आणखी जोरात कापतो. नाडी झिजते. केबल टाय उन्हाने ठिसूळ होतो आणि नेमका मोठ्या लाटेत तुटतो. आमच्या प्रत्येक लीशबरोबर दोन जादा दोऱ्या याचसाठी असतात. एक गाडीत ठेवा.

‘जरा लांब द्या, सेफ राहील’

लांब लीश जास्त सुरक्षित नसते. ती पाण्यात मागे ओढत राहते, पायात आणि बोर्डाखालच्या फिनमध्ये (कल्ल्यात) गुंतते. फार आखूड असेल तर बोर्ड थेट डोक्यावर येतो. बोर्ड जेवढ्या फुटांचा, तेवढ्याच फुटांची लीश, हा साधा हिशोब. लहान लाटांना 6 मिलिमीटर जाडी चालते, रोजच्या वापराला 7, लाट मोठी आणि बोर्ड जड असेल तर 8.

जास्त ताणणारी लीश मागतात तेव्हाही आम्ही नाही म्हणतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात पहिल्या लीश सर्जिकल रबरी नळीच्या होत्या. त्या इतक्या ताणायच्या की बोर्ड गोफणीतल्या दगडासारखा परत यायचा. वेटसूटसाठी प्रसिद्ध असलेले जॅक ओनील यांचा डावा डोळा अशाच अपघातात गेला. आज सगळीकडे युरेथेनची (लवचिक प्लास्टिकची) कॉर्ड वापरतात. ती थोडी ताणते आणि हळू परत येते. तरीही पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर घेऊनच वर या.

खाडीत पॅडल बोर्ड नेणाऱ्यांनी हे नक्की वाचा

पॅडल बोर्ड म्हणजे उभं राहून वल्हवायचा बोर्ड. मनोरी, वर्सोवा किंवा ठाण्याच्या खाडीत तो नेण्यासाठी कोणी घोट्याची लीश मागितली, तर आम्ही ती देत नाही. काही जणांना राग येतो. कारण असं: उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, आणि ते सगळं पाणी काही तासांत खाडीच्या तोंडातून बाहेर पडतं. वाटेत होड्यांच्या नांगराच्या दोऱ्या, जाळ्यांचे खुंट, तिवरांची मुळं. बोर्ड खुंटाच्या एका बाजूने गेला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने, तर लीश अडकते. पाणी तुम्हाला पुढे ढकलतं आणि पाय मागे धरलेला राहतो. अशा वेळी प्रवाहाविरुद्ध वाकून घोट्यापर्यंत हात नेणं ताकदवान माणसालाही जमत नाही.

म्हणून वाहत्या पाण्यात लीश घोट्याऐवजी कमरेच्या क्विक रिलीज, म्हणजे एका ओढीत सुटणाऱ्या, पट्ट्याला. कुंडलिकेसारख्या नदीतही तोच पट्टा. तो लाइफ जॅकेटच्या वरून बांधा, आत नाही. ओढायचा गोळा पोटासमोर, दोन्ही हातांना सापडेल असा ठेवा. घरी डोळे मिटून पाच वेळा उजव्या हाताने आणि पाच वेळा डाव्या हाताने सोडून बघा. पट्ट्याचं उरलेलं टोक खोचताना गोळ्याच्या वाटेत येऊ देऊ नका.

यावरून कोणी लीशच काढून टाकू नये. गिरगाव किंवा मार्वेसमोर वारा सुटला की हवा भरलेला बोर्ड पोहणाऱ्याच्या पुढे निघून जातो, आणि तुमचा तरंगायचा आधार तोच असतो. मोकळ्या सपाट पाण्यात स्प्रिंगसारख्या गुंडाळीची लीश चांगली, ती बोर्डावरच राहते. लाटांमध्ये मात्र सरळ लीश, मागच्या पायाला.

तुटलेली लीश सांधून का देत नाही

युरेथेनच्या कॉर्डवर फिनने किंवा खडकाने बारीक चीर पडली की पुढच्या ताणाला ती उघडत जाते. गोंद किंवा गाठ तिथे टिकत नाही. महिन्यातून एकदा ओली कॉर्ड अंगठा आणि बोटात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. नख जिथे अडकेल तिथे चीर आहे. दोन्ही टोकांना, कॉर्ड जाड भागात शिरते त्या जागी, सगळ्यात नीट बघा. एखादी जागा बारीक झाली असेल तरी लीश बदला. दर आठवड्याला समुद्रात जाणाऱ्यांनी वर्षाला एक धरून चालावं.

स्विवेल, म्हणजे लीशच्या टोकाची फिरती कडी, आम्ही 316 ग्रेडच्या (न गंजणाऱ्या) स्टीलचं वापरतो, पण वाळू त्यातही अडकते. मग ते फिरत नाही आणि कॉर्डला पीळ पडतो. गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून बोटाने फिरवा. तेल घालू नका, तेलाला वाळू चिकटते. वेल्क्रोतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा. लीश फिनभोवती घट्ट गुंडाळून गाडीत तापत ठेवली तर वळ्या कायमच्या राहतात. सावलीत खुंटीला सरळ टांगा.

ऑर्डर देताना बोर्डाची लांबी, पिनेपासून जवळच्या कडेचं माप आणि बोर्ड कुठल्या पाण्यात नेणार, एवढं कळवा. प्लगचा एक फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून पाठवलात तर दोरी मापात कापून, गाठ मारूनच देऊ. त्याचे वेगळे पैसे नाहीत.