मार्गदर्शक श्वानाशी जुळवून घेणे

दृष्टिहीन व्यक्ती आणि तिच्यासाठी तयार केलेला कुत्रा यांनी जोडीने चालायला शिकणे, याला मार्गदर्शक श्वानाशी जुळवून घेणे म्हणतात. कुत्रा बहुतेक सगळे शिकूनच आलेला असतो, त्यामुळे या काळात खरी मेहनत माणसाला करावी लागते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली अशी पहिली शाळा निघाली. भारतात असे कुत्रे आजही अगदी मोजके असून पांढरी काठी हेच मुख्य साधन आहे. कुत्रा मिळाला तरी घडीची काठी पिशवीत असावीच, कारण कुत्रा आजारी पडला म्हणून कामावर जायचे थांबत नाही.

कामाची वाटणी पक्की ठाऊक हवी. अडथळा चुकवणे, पायरीशी आणि फुटपाथच्या कडेला थांबणे, दार किंवा जिना शोधणे ही कुत्र्याची कामे. सिग्नलचा रंग तो पाहत नाही आणि कुठे जायचे आहे हेही त्याला कळत नाही. कोल्हापुरात बिंदू चौकातून भवानी मंडपाकडे जायचे, तर कुठे वळायचे हे माणसाने आधी डोक्यात बसवायचे असते. रस्ता कधी ओलांडायचा हे वाहनांचा आवाज ऐकून माणूसच ठरवतो. ‘चल’ म्हटल्यावरही समोर गाडी आली, तर कुत्रा हलत नाही. हा मुद्दाम शिकवलेला नकार आहे आणि त्याबद्दल त्याला शाबासकी द्यायची असते.

कुत्रा डाव्या बाजूला चालतो. हार्नेसचा, म्हणजे त्याच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्यांच्या साजाचा, ताठ दांडा डाव्या हातात बोटांनी हलकेच धरतात, पट्टाही त्याच हातात असतो. नवा माणूस भीतीपोटी दांडा मुठीत आवळतो किंवा दांड्यानेच कुत्र्याला वळवू बघतो. मग कुत्र्याच्या खांद्याची हालचाल हाताला कळत नाही, आणि काही दिवसांत कुत्राही पुढाकार सोडून देतो. आज्ञांचे शब्द प्रशिक्षणातलेच ठेवावेत. घरातल्या चौघांनी चार शब्द वापरले की त्याचा गोंधळ उडतो.

चूक झाली तर तिथल्या तिथे दुरुस्ती करायची. समजा महाद्वार रोडवर दुकानापुढच्या ताडपत्रीचा बांबू कपाळाला लागला. तिथेच थांबावे, बांबूवर हाताने टकटक करून तो कुत्र्याला दाखवावा, पाच-सहा पावले मागे यावे आणि पुन्हा सावकाश पुढे जावे. कुत्रा वळसा घालून गेला की लगेच कौतुक करावे. डोक्याच्या उंचीवरचे अडथळे कुत्र्याला स्वतःला लागत नाहीत, म्हणून ही चूक सहज होते. फुटपाथवर दुचाकी लावलेल्या असतील, तर कुत्रा कडेशी थांबतो. माणसाने ऐकून ‘चल’ म्हणावे, रस्त्यावरून वळसा घ्यावा आणि पुन्हा फुटपाथवर यावे.

नेहमीची जागा शिकवायची तर उलटीकडून सुरुवात करतात. बँकेच्या काउंटरला कुत्र्याचे नाक लागले की खाऊ, मग दोन पावलांवरून, मग दारापासून, शेवटी रस्त्यावरून.

कोल्हापुरात लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी भरपूर. खानावळीबाहेर पडलेली हाडे हा लॅब्रॅडॉरच्या बाबतीत मोठाच धोका, कारण शिजलेले हाड फुटून घशात अडकते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी असतात. तिथे आधी लांबून न्यावे, कुत्रा शांत राहिला की अंतर कमी करत जावे. भटकी कुत्री हा इथला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. पहिले काही महिने मागून डोळस सोबती असावा आणि टोळी बसणारी गल्ली सरळ टाळावी. ‘भावा, चावतंय काय?’ म्हणत लोक प्रेमाने हात लावतात. ‘कामावर आहे, हात लावू नका’ हे उत्तर ठरलेले असू द्यावे.

घरी आल्यावर पहिले एक-दोन आठवडे खाणे, फिरवणे, विंचरणे हे सगळे त्याच व्यक्तीने करावे. इतरांनी लाड केले तर कुत्रा त्यांच्याकडे ओढ घेतो. शी-शूसाठी हार्नेस काढून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी न्यावे. पाठीवर हात ठेवला की कळते: पाठीला बाक आला तर शी. शी पडते त्या जागेच्या दिशेने पाऊल रोखून ठेवले म्हणजे पिशवी हातात घालून ती बरोबर उचलता येते. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर खाणे कमी करावे.

उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्याचे तळवेही भाजतात. पावसाळ्यात कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड चाचपावेत. पंचगंगेला पूर आल्यावर साचलेल्या पाण्यातून नेऊ नये, लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची भीती असते. त्याची आणि रेबीजची लस वेळेवर द्यावी. गणपतीच्या मिरवणुकीत आणि दिवाळीच्या फटाक्यांत कुत्रा घरीच ठेवावा, काठी घेऊन निघावे.

जोडी बसायला साधारण सहा महिने ते वर्ष लागते. आधीचा कुत्रा निवृत्त होऊन दुसरा आलेला असेल, तर हा काळ अनेकांना पहिल्यापेक्षा जड जातो. चाल वेगळी, ओढ वेगळी, थांबण्याची खूण वेगळी. हात मात्र जुन्याच खुणा शोधत राहतो. अशा वेळी ओळखीचा, सोपा रस्ता घेऊन सुरुवातीपासून शिकणेच बरे पडते.