चुना सोड्याकडून काय काढून घेतो?

परवा एका साबणाच्या वेष्टनावर ‘केमिकलविरहित’ असं ठळक छापलेलं पाहिलं आणि राहवलं नाही. तेलाचा साबण व्हायला अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, लागतोच, आणि वडीच्या साबणात तो बहुतेक वेळा कॉस्टिक सोडाच असतो. पाणीसुद्धा केमिकलच आहे. असल्या शब्दांनी लोकांना भिववून माल खपवू नये.

आज कारखान्यांत मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा करतात. पूर्वी तो धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) आणि चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) या दोन साध्या वस्तूंपासून व्हायचा. सोड्याच्या गरम द्रावणात विरवलेला चुना ढवळला की सगळं दुधासारखं पांढरं होतं. थोड्या वेळाने गाळ खाली बसतो. तो गाळ म्हणजे खडू, कॅल्शियम कार्बोनेट. वरची नितळ निवळी म्हणजे कॉस्टिक. हिशेबाने १०६ ग्रॅम कोरड्या सोड्याला ७४ ग्रॅम चुना लागतो आणि ८० ग्रॅम कॉस्टिक मिळतं.

हे घडतं कशामुळे? चुना पाण्यात फार विरघळत नाही, लिटरभर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम. पण खडू त्याच्या शंभरपट कमी विरघळतो. त्यामुळे चुन्यातून सुटलेला कॅल्शियम आयन (विद्युतभारित कण) सोड्यातल्या कार्बोनेटला भेटला की दोघे गाळ होऊन तळाशी जातात. पाण्यातलं कॅल्शियम घटतं, म्हणून आणखी चुना विरघळतो, पुन्हा खडू, पुन्हा चुना. सोडियम मात्र जागचं हलत नाही. त्याचा जोडीदार तेवढा बदलतो: कार्बोनेट जातं आणि चुन्यातलं हायड्रॉक्साइड येतं. पण हायड्रॉक्साइड साचत गेलं की चुन्याचं विरघळणं अडतं, कारण तोच आयन द्रावणात आधीच भरपूर झालेला असतो. सोड्याचं द्रावण फार दाट घेतलं तर क्रिया म्हणूनच अर्ध्यावर थांबते. ते पातळच घ्यावं लागतं.

चुना भट्टीतली आग शोषून घेतो आणि तीच सोड्याला देतो, म्हणून कॉस्टिक भाजतं, असं पूर्वी युरोपात समजत. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ साली तराजू लावून दाखवलं की चुना सोड्याला काही देत नाही, उलट त्यातला ‘बद्ध वायू’, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड, काढून घेतो. निवळीच्या थेंबावर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले नाहीत, तर सगळा कार्बोनेट गेला असं समजावं.

हा प्रयोग जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, चष्मा आणि हातमोजे घालूनच करावा. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमचं भांडं खातं, त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो, आणि डोळ्यात एक थेंब गेला तरी दृष्टी जाऊ शकते. खाण्याचा चुनाही डोळ्याला फार घातक, म्हणून चुन्याची डबी लहान मुलांच्या हाती देऊ नये.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. सुश्रुतसंहितेत झाडांच्या राखेपासून क्षार, म्हणजे अल्कली, करण्याची कृती आहे. राखेतला क्षार बहुतांशी पोटॅशियमचा, पण रसायन तेच. राखेच्या गाळलेल्या पाण्यात भाजलेले शंख आणि चुनखडीचे खडे घालायला सांगितलंय, आणि हे न घातलेल्या क्षाराला ‘मृदू’ म्हटलंय. तयार क्षार तोंड बंद केलेल्या लोखंडी कुंभात ठेवायचा. लोखंड त्याला पुरून उरतं. आणि तोंड बंद का? उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात परत शिरतो. चुन्याने जे काढून घेतलं, तेच.