ट्रामचा डेपो, जहाजाची शेड आणि नाटक

४ सप्टेंबर १९६२. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत पाऊस होता, तरी सुमारे अडीच लाख माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती. शहरातल्या शेवटच्या ट्राम निघाल्या होत्या, त्यांना निरोप द्यायला. (अडीच लाख म्हटलं की आपल्याला १९८२ चा गिरणी संप आठवतो, इथे तो आकडा बघ्यांचा आहे.) या ट्राम जिथे बांधल्या आणि दुरुस्त केल्या जात, तो कोपलॉहिलचा डेपो १८९३ चा. पुढे तिथे वाहतूक संग्रहालय आलं. तेही हललं तेव्हा इमारत पाडायचीच बाकी होती. तिला वाचवलं महाभारताने.

ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूक यांचं नऊ तासांचं ‘महाभारत’ १९८५ साली फ्रान्समध्ये आव्हिन्यॉंजवळच्या एका दगडाच्या खाणीत सुरू झालं. माती, पाणी आणि खरा अग्नी घेऊन चालणारा हा खेळ नेहमीच्या पडद्याच्या थिएटरात मावणारा नव्हता. ब्रिटनमध्ये त्याला जागा मिळाली ती याच डेपोत, १९८८ साली. मागे उघडी विटांची भिंत, खाली माती. द्रौपदी होत्या मल्लिका साराभाई. अहमदाबादच्या कॅलिको मिलवाल्या घराण्यातली मुलगी परदेशातल्या बंद कारखान्यात उभी, हा योगायोग मला फार आवडतो. प्रयोग संपले, पण इमारत टिकली आणि तिचं नाव ‘ट्रामवे’ पडलं. जमिनीतले रूळ आजही दिसतात.

कारखान्यात नाटक नेण्याची कल्पना काही ब्रूक यांची नाही. फ्रेंच दिग्दर्शिका आरियान म्नुश्किन यांची ‘थिएटर द्यु सोलेय’ ही मंडळी १९७० मध्येच पॅरिसच्या कडेला, व्हँसेनच्या जुन्या काडतूस कारखान्यात शिरली. फ्रेंच राज्यक्रांतीवरचं ‘१७८९’ तिथे झालं. बऱ्याच प्रेक्षकांना बसायला खुर्ची नव्हती. चहूबाजूंच्या मंचांमध्ये ते उभे, म्हणजे गर्दीचं काम आपसूक त्यांच्याकडेच आलं. मंडळी अजून तिथेच आहे.

तरीही काडतूस कारखाना काय किंवा डेपो काय, दोन्हीकडे इमारत हे कवच होतं. ‘महाभारत’ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनलाही झालं. तिथे एक बंद थिएटर उघडलं आणि भिंतींचे पोपडे मुद्दाम राखले! जे नाटक गावोगाव हलवता येतं, त्याला स्थळविशिष्ट, म्हणजे त्या एका जागेसाठीच रचलेलं, म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ते नाव खऱ्या अर्थाने शोभलं दिग्दर्शक बिल ब्रायडन यांच्या ‘द शिप’ या नाटकाला. साल १९९०, जागा ग्लासगोच्याच गोव्हन भागातली हार्लंड अँड वुल्फची बंद शेड. टायटॅनिक बांधणाऱ्या कंपनीचीच ही शेड. नेपथ्यकार विल्यम डडली यांनी आत जहाजाचा सांगाडाच उभारला. गोष्ट जहाज बांधणाऱ्या कामगारांची, आणि बघायला आलेल्यांत जहाजबांधणीवर घर चालवलेली कुटुंबं. शेवटी सांगाडा घसरत पाण्याच्या दिशेने निघून जाई आणि समोर उरे रिकामी जागा. हा प्रयोग उचलून लंडनला न्यायचा कसा? तिथे गोष्टीतला अर्धा जीवच निघून जाईल. १९९४ मध्ये ब्रायडन यांनी त्याच शेडमध्ये पहिल्या महायुद्धावरचं ‘द बिग पिकनिक’ केलं.

१९९० साली ग्लासगो युरोपचं ‘संस्कृतीचं शहर’ होतं, पैसा त्यामुळे सुटला. त्यावरून वादही झाला. कादंबरीकार जेम्स केलमन आणि ‘वर्कर्स सिटी’ गटातले त्यांचे साथीदार म्हणत, हा उत्सव कामगारांचं शहर झाकून ठेवणारा आहे. त्यांच्या रागात मला तथ्य वाटतं. ‘द शिप’ आवडूनही.

आपल्या गिरणगावात क्रम उलटा. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हाच कामगार नाटक करत आणि बघत, परळच्या दामोदर नाट्यगृहात. पुढे गिरण्या थंडावल्या. कुलाब्याच्या मुकेश मिलमध्ये सिनेमावाले शिरले. लोअर परळच्या फिनिक्समध्ये मॉल आला; चिमणी तेवढी ठेवली आहे.